'दिल्ली'चा टरेट न्यूझीलंडला देऊन टाकला, हे चुकलंच

बंदरकर:
ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या प्रवेशद्वाराशी सहा इंची जोडतोफांचा एक टरेट, म्हणजे तोफा बसवलेला फिरता बुरूज, ठेवलाय. तो आपल्या जुन्या आयएनएस 'दिल्ली' या युद्धनौकेचा. १९७८ मध्ये ही क्रूझर मुंबईत निवृत्त होऊन भंगारात निघाली आणि तिचा मागचा 'वाय' टरेट आपण न्यूझीलंडला भेट दिला. पूर्वी ती त्यांची 'अकिलीस' होती, मान्य. पण १९३६ ते ४६, दहाच वर्षं. १९४८ पासून तीस वर्षं ती आपली. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दीवच्या किल्ल्यावर तिच्याच तोफा चालल्या. टरेट इथंच राहायला हवा होता.

खाडीकाठ:
असा वर्षं मोजून हक्क ठरतो का? १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत समोर ११ इंची तोफांची जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे' होती. तिचा गोळा सुमारे ३०० किलोचा, 'अकिलीस'चा ५१ किलोचा. तरी 'अकिलीस' जवळ घुसली आणि तिनं हजारावर गोळे डागले. तोफांना नेम देणाऱ्या मनोऱ्यातले चार जण ठार झाले, मारा थांबला नाही. पुढं १९४३ मध्ये जपानी बॉम्बनं मागचा दुसरा, 'एक्स' टरेट निकामी झाला, म्हणून मागच्या बाजूला त्या लढाईतला हा एकच उरला. तो त्यांनी मागू नये?

बंदरकर:
त्या लढाईतले 'अकिलीस'चे कप्तान पॅरी १९४८ मध्ये आपल्याच नौदलाचे प्रमुख झाले! तो वारसा जहाजाबरोबर आपल्याकडेही आलाय.

लाटेवरचा:
आणि इथं ठेवून केलं काय असतं? जुनी 'विक्रांत' २००१ पासून मुंबईत संग्रहालय होती. २०१२ ला बंद केली, २०१४ ला विकली, मुंबईतच, जहाजं तोडतात त्या दारूखान्यात तिचे तुकडे झाले. ७१ च्या युद्धातली अख्खी विमानवाहू नौका आपल्याला सांभाळता आली नाही. दिला तेच बरं.

बंदरकर:
'विक्रांत'चं मलाही फार लागलंय. पण २०१४ चा नाकर्तेपणा १९७८ च्या निर्णयाचं समर्थन कसा होईल? दीवला आता 'खुकरी' ही कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, जतन केलीय. हा टरेट तिच्याशेजारी हवा होता, ज्या किनाऱ्यावर त्यानं मारा केला तिथं.

खाडीकाठ:
दीवला 'दिल्ली'चं स्मारक हवं, याला माझा पूर्ण पाठिंबा. टरेट मात्र ऑकलंडलाच राहू दे. दिलेली भेट परत मागत नाहीत.