बांध आणि वाडा: आधी हक्क की आधी बोली?

बांधकरी: धनगरांचा वाडा (मेंढरांसह फिरता तळ) शिवारात उतरला की होणारे तंटे हक्काची भाषा काढून मिटत नाहीत, असं माझं मत. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६०मध्ये उदाहरण हेच घेतलं होतं: शेजाऱ्याची गुरं पिकात. बोलणी विनाखर्च होत असतील तर हक्क कुणाचाही असो, तोडगा तोच निघतो. आपल्याकडे सौदा तयारच आहे. धसकटं मेंढरांना, लेंडी-मूत रानाला. रात्री रानात मेंढरं बसवायची बोली, म्हणजे आपसातला करार, आधी पक्की करा: किती मेंढरं, किती रात्री, धान्य की रोख, शेजारचं पीक गेलं तर भरपाई कुणाची. जागा रोज पुढे सरकवा आणि मेंढरं उठली की लगेच कुळवाची पाळी घालून वरची माती हलवा. मूत उघडं राहिलं तर नत्र अमोनिया होऊन उडतं, मग शेतकरी म्हणतो पैसे गेले, गुण आला नाही.

माळरान: "विनाखर्च" इथंच गाडं अडतं. वाडा चार रात्रींचा, गावात त्याचं मत नाही. रात्री तूर कुणी खाल्ली? संशय आधी पाहुण्यावर. १८७१चा गुरे अतिक्रमण कायदा (व्याख्येत हत्तीपासून कोकरापर्यंत सगळे!) शेतकऱ्याला जनावरं धरून २४ तासांत कोंडवाड्यात घालू देतो. बेकायदा धरली तर मेंढपाळाला तक्रारीसाठी १० दिवस, पण तोवर वाडा कुठल्या कुठे गेलेला असतो. हक्काविना बोली म्हणजे मेहेरबानी. २००६च्या वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांचा चराईहक्क मानलाय, तो आधी मिळू द्या.

बांधकरी: तो वनजमिनीपुरता. माझ्या तुरीत त्याचा काय उपयोग?

शिवारपंच: कॅलिफोर्नियाच्या शास्ता काउंटीत कायद्याचे अभ्यासक रॉबर्ट एलिक्सन यांना दिसलं की शेजारी कायदा न बघताच असले तंटे मिटवतात, कारण उद्या पुन्हा तोंड बघायचं असतं. दिवाळीनंतर वाडा दरवर्षी त्याच वाटेनं येतो तिथं हेच चालतं. ऊस आणि बोअरमुळे रान रिकामं राहिनासं झालं, वाट बदलली, ओळख तुटली. म्हणून सामाईक साधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सांगितली तशी चढती शिक्षा ठेवा: आधी ताकीद, मग भरपाई, मग पुढच्या वर्षी उतरायला मनाई. नुकसान दोन्हीकडच्या माणसांनी ओळी मोजून ठरवावं. कोवळे शेंडे खाल्ले तर तूर फुटवे धरते, भरल्या शेंगा गेल्या तर गेल्याच. दोन्हीला एकच दर लावला की वाद पेटतो.

माळरान: मोजणी पटली. पण पंच सगळे गावचेच असतात. एक पंच वाड्याच्या पुढच्या मुक्कामाच्या गावचा घ्या, मग मनाईचं बोलू.