जीआर ८६ ला १८ × ९.५, +३८ बसेल का?

पिवळाहेल्मेट:
गाडी टोयोटा जीआर ८६. मूळ अलॉय चाकं १८ × ७.५ (इंचांत व्यास × रुंदी), ऑफसेट +४८ (हबवर टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून किती मिमी बाहेर), टायर २१५/४०. एकाकडे १८ × ९.५, +३८ चा जवळपास नवा सेट आहे. पीसीडी (बोल्ट किती × त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत) गाडीसारखाच ५ × १००, म्हणजे बोल्ट जुळतात. सस्पेन्शनला हात लावलेला नाही, लावायचाही नाही. अधूनमधून ट्रॅकवर जातो, एरवी रोजचा वापर. विकणारा म्हणतो, आरामात बसतात. घेऊ का?

वळणवाला:
आधी कागद-पेन घे. रुंदी २ इंचांनी वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला २५.४ मिमी. ऑफसेट १० ने उतरला, म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड ३५.४ मिमी बाहेर, आतली १५.४ मिमी आत. मूळ सस्पेन्शनवर हे फेंडरबाहेर डोकावू शकतं, आणि वळणात गाडी दबली की फेंडरची कड टायरला घासू शकते. फोटोंत हे माप शोभतं त्या गाड्या बहुधा खाली उतरवलेल्या असतात, कॅम्बर (चाकाचा वरून आत कल) भरपूर असतो, फेंडरच्या कडाही आत दुमडलेल्या. ते फोटोत कुणी लिहीत नाही.

तुझ्या वापराला मी १७ × ८, +४५ घेईन, टायर २२५/४५. बाहेर जेमतेम ९ मिमी, आत ३. टायरचा व्यास मूळच्या ६२९ मिमीवरून ६३४ वर जातो, स्पीडोमीटरला पत्ताही लागणार नाही. उरलेले पैसे चांगल्या टायरवर घाल. ब्रेक बदलले असतील तर मात्र कॅलिपर आणि स्पोकमधली जागा मोजून घे.

टॉर्करेंच:
१७ इंच म्हणजे रिम लहान दिसणार, एवढं धरून चल. मला चालतं.

शिवाय सेंटर बोअर, म्हणजे चाकाच्या मधलं भोक. गाडीचा हब (ज्यावर चाक बसतं) ५६.१ मिमी, बाजारातली बरीच चाकं ७३.१ ची. मधली फट भरायला हब रिंग हवी, नाहीतर चाक मध्यावर बसेलच असं नाही. मग वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच बॅलन्सिंग करत फिरतो. नट १२ × १.२५ आट्याचे, आणि त्यांची बैठक चाकाच्या बैठकीशी जुळायला हवी. शंकूच्या बैठकीत गोल नट घालू नकोस.

पिवळाहेल्मेट:
विकणाऱ्याला बोअर विचारला. "बोअर नाही, एकदम स्पोर्टी आहेत," म्हणाला. सोडला तो सेट. १७ × ८ मध्ये कास्ट (ओतीव) की फ्लो-फॉर्म्ड (ओतून मग रिम दाबून-ताणून घडवलेली)?

वळणवाला:
फ्लो-फॉर्म्ड. तेवढ्याच ताकदीला वजन कमी लागतं. आतल्या बाजूला जेडब्ल्यूएलचा (जपानी अलॉय चाकांच्या मानकाचा) शिक्का आणि लोड रेटिंग (चाक किती वजन पेलतं) बघूनच घे.