मदत हवी आहे : पाटबंधारे खात्यात नोकरी करत पुढचं ट्रेनिंग

नमस्कार मंडळी, मी निपाणीचा, पाटबंधारे खात्यात असिस्टंट इंजिनियर, १४ वर्षं कालवे न् गेट बघण्यातच गेली. आता प्लॅनिंगकडं बदली झालीय आणि तिथं सगळं पूर, पाणीवाटप, मॉडेलिंग असलं, आणि आपलं शिक्षण तर साधं सिव्हिल. २०१९ ला दूधगंगा-वेदगंगा-कृष्णा एकदम फुगल्या तेव्हाच कळलं की वरच्या धरणातनं किती सोडलं एवढ्यावर भागत नाही, खाली कुठं कधी पोचणार ते काढता आलं पाहिजे.

ऑप्शन तीन दिसतायत. धारवाडची वाल्मी (पाणी आणि जमीन व्यवस्थापन शिकवणारी संस्था) जवळ आहे, पण तिथं शेतातल्या पाणी व्यवस्थापनावर भर. पुण्याला खडकवासल्याची नॅशनल वॉटर अकॅडमी, केंद्रीय जल आयोगाची, छोटे कोर्स. तिसरं आयआयटी रुरकीचं एमटेक, जलसंपदा विकासाचा विभाग तिथं १९५५ पासनं आहे, पण दोन वर्षं घर सोडायचं म्हणजे... बायकोला अजून सांगितलंच नाही!

कुणी नोकरीत असताना रुरकी केलंय का? पगारी रजा मिळाली का, बॉन्ड किती वर्षांचा? खडकवासल्याला नाव खात्यामार्फतच जातं की आपण स्वतः भरलं तरी चालतं? साहेबांना विचारलं तर "बघू पावसाळ्यानंतर" म्हणतात, दरवर्षी तेच. हेक-रास (नदीचं पाणी कुठवर चढेल ते काढायचं सॉफ्टवेअर) घरी शिकायला घेतलंय, पण नदीचे क्रॉस सेक्शन (आडवे छेद) टाकताना अडकलोय, कुणी दाखवेल का?