डबा संत्र्याच्या पेटीचा, पैसा चाकांवर
भाऊ, प्लायवूड महाग पडतं म्हणून अंगणात चालवायच्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या डब्याचं काम थांबवू नका. आमच्या वरुडकडे संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्या मिळतात. खिळे काढून, पॉलिश पेपरनं घासून त्याच पातळ फळ्या मी वापरल्या. मूर्तिजापूरच्या शकुंतला या छोट्या रेल्वेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिमी, म्हणून 45 मिमी गेजच्या मॉडेलच्या रुळावर 1:17 हे प्रमाण, म्हणजे खऱ्याचा सतरावा भाग, बरोबर बसतं. पैसा चाकांवरच घाला. चाकाची कड वाकडी असली की डबा घसरलाच समजा. शिवाय अंगणातला रूळ कुठे सपाट असतो? डब्याखाली चार-चार चाकांच्या दोन चौकटी, म्हणजे बोग्या, असतात. एक बोगी नुसती वळेल अशी बसवा, दुसरी आडवीही डुलेल इतकी सैल ठेवा. मग आठही चाकं रुळाला टेकतात. दाराच्या दांड्यांना सायकलचे आरे झकास दिसतात. वजन मात्र तळालाच द्या.