पाते तीन सेकंदांत थांबायलाच हवे

‘कंपनीने दोषामुळे परत मागवलेले, गवत कापायचे यंत्र अजून नीट चालते आहे, मग वापरायला काय हरकत?’ असे एकाने विचारले आहे, म्हणून लिहितो. हरकत आहे. मागून ढकलत चालवायच्या या यंत्रांच्या दांड्याला एक आडवी कडी असते; चालवताना ती दाबून धरावी लागते. ती हातातून सुटली की पाते ३ सेकंदांच्या आत थांबले पाहिजे, असा अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे. कडी किंवा तिची तार सदोष असेल, तर यंत्र एरवी कितीही सुरळीत चालले तरी तो दोष नेमका पाय घसरतो त्या क्षणी उघड होतो. कडी दोरीने बांधून ठेवण्याचा प्रकार तर कृपया कोणीही करू नये. मॉडेल व अनुक्रमांक यंत्र परत मागवण्याच्या सूचनेशी जुळत असल्यास स्पार्क प्लगची वायर किंवा बॅटरी काढून, दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बाजूला ठेवावे.