बार कौन्सिल नेमकी कोणाची?

कऱ्हाडकर
वाटपाचा दावा होता आमचा. वकीलसाहेब सलग तीन तारखांना आलेच नाहीत, दावा डिफॉल्टमध्ये, म्हणजे गैरहजेरीमुळे, निकाली. आम्हाला आठ महिन्यांनी कळलं, तेही चावडीत समोरच्या पार्टीनं हसत हसत सांगितलं म्हणून. बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांना सनद (वकिलीचा परवाना) देणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे, तक्रार दिली, त्याला आता दोन वर्षं होतील. हातात फक्त पोच आहे.

मग ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 स्वतःच वाचायला घेतला. कलम 6 मध्ये राज्य बार कौन्सिलची कामं दिलीत. सनद द्यायची, गैरवर्तनाच्या तक्रारी निकाली काढायच्या आणि त्याच यादीत पुढे वकिलांचे हक्क आणि हितसंबंधही जपायचे! पंच तोच आणि एका संघाचा कप्तानही तोच. शिस्तपालन समितीत तिघं, तिघंही वकील. कौन्सिलवर निवडून देणारेही वकीलच. ज्यांच्या मतांवर खुर्ची मिळते त्यांची सनद कोण काढून घेईल? माझं म्हणणं सरळ आहे, शिस्तीचं काम कौन्सिलकडून काढून घ्या.

काळा_कोट
कऱ्हाडकर, आधी सांगा, दावा पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज विलंबमाफीसह (उशीर माफ करण्याच्या विनंतीसह) टाकलात का? ते पहिलं. भांडण नंतर.

आता भांडण. जिल्हा कोर्टात बावीस वर्षं काढली, म्हणून हे 'सगळे एकमेकांना सांभाळतात' फार वेळा ऐकलंय. मुंबईत फौजदारी कोर्टाच्या दारात पक्षकारांना अक्षरशः ओढाताण करून पकडणाऱ्या वकिलांवर आपल्याच कौन्सिलनं स्वतःहून कारवाई केली होती. बार कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे देशपातळीवरच्या वरच्या कौन्सिलनं, त्या वकिलांना सोडलं, तर महाराष्ट्राची कौन्सिल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथं वाद असा निघाला की कौन्सिलचं यात काय बिघडलं, तिला अपिलाचा अधिकारच काय? 1975 मध्ये न्यायालयानं सांगितलं, अधिकार आहे, कारण व्यवसायाची शिस्त राखणं हे तिचं लोकांप्रति कर्तव्य आहे. पाठीशी घालणारी संस्था एवढी धावपळ करते का?

उलटंही होतं. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कौन्सिलला 50,000 रुपये खर्च भरायला लावला. का, तर समोरच्या पक्षाच्या वकिलाविरुद्धची बिनबुडाची तक्रार समितीकडे पाठवली म्हणून. तुम्ही म्हणता कौन्सिल वकिलांना वाचवते, कोर्ट म्हणतं विनाकारण छळू नका. आणि हरलेला प्रत्येक पक्षकार तक्रार घेऊन येतो हो. चुकीचा सल्ला वेगळा आणि गैर सल्ला वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयात 1983 मध्येच ठरलंय.

कऱ्हाडकर
अर्ज टाकलाय, दुसऱ्या वकिलांकडून. विचारलंत, बरं वाटलं.
पण साहेब, तीन तारखांना न येणं हा कुठला सल्ला? चुकीचा की गैर? आणि 1975 ला मी जन्मलो नव्हतो. वकिलावर कारवाई केल्याचं अलीकडचं काही आहे का?

ज्युनिअर_2023
तुम्ही दोघं पक्षकार विरुद्ध वकील असं भांडताय. मी वकील आहे, माझे हितसंबंध कोण जपतंय ते दाखवा.

सनदेसाठी कायद्यात फी 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. मी भरले ते याच्या कित्येक पट. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यातल्या आकड्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. छान. पण निकाल पुढच्यांसाठी, आमचे पैसे परत नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक निघालं, ज्युनिअरला महिन्याला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 मानधन द्यावं. 'द्यावं', म्हणजे शिफारस. माझ्या सीनिअरना दाखवलं तर म्हणाले, "वाचून दाखव जरा मोठ्यानं." सगळं चेंबर हसलं.

आणि मतांचं म्हणाल तर 2018 ला निवडून आलेल्या कौन्सिलची पाच वर्षं 2023 ला संपली. पुढे मुदतवाढ. राज्यांच्या निवडणुका वेळेत घ्या हे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मतांची भीती कसली, मतदानच वेळेवर झालं नाही!

थेम्सकाठी
इंग्लंडमध्ये ही दोन कामं वेगळी केलीत. बॅरिस्टरांची बाजू मांडते ती बार कौन्सिल आणि त्यांच्यावर कारवाई करतं ते बार स्टँडर्ड्स बोर्ड, 2006 पासून. आभाळ कोसळलं नाही.

काळा_कोट
तिकडचं तिकडे ठीक. इथं शिस्तीचं काम काढून घेतलं तर ते कोणाच्या हातात जाईल, सांगा. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या दुरुस्तीच्या फेब्रुवारी 2025 च्या मसुद्यात केंद्र सरकार बार कौन्सिल ऑफ इंडियावर स्वतःची माणसं नेमणार होतं. देशभर वकील रस्त्यावर आले, दहा दिवसांच्या आत मसुदा मागे घेतला. आम्ही रोज सरकारविरुद्ध उभे राहतो आणि आमची सनद सरकारनं नेमलेल्या माणसाच्या हातात? जानेवारी 2024 ला राहुरीत वकील दांपत्याचा खून झाला. कर्नाटकात वकील संरक्षण कायदा आहे, आपल्याकडे अजून मागणीच चाललीये. तो आवाज उठवणारी संस्था दुबळी करून कोणाचं भलं होणार?

ज्युनिअर, फीचं तुमचं बरोबर आहे. तिथं मी कौन्सिलची बाजू घेणार नाही.

नलूमावशी
आवाज उठवायला बार असोसिएशन, वकिलांच्या स्थानिक संघटना, आहेत की. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं ते सहा जिल्ह्यांतल्या बारनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणून. मग कौन्सिलनं नुसतं पंच राहावं.

आणखी एक. डॉक्टर चुकला तर 1995 पासून ग्राहक मंचाचं दार उघडं आहे. वकिलांसाठी ते मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केलं. दिवाणी दावा करता येतो म्हणे, पण वकिलाविरुद्ध दावा लावायला तालुक्यात वकील मिळवून दाखवा! मग राहतं कौन्सिलचंच दार.

कऱ्हाडकर, कलम 36ब बघितलंत का? तक्रार मिळाल्यापासून एक वर्षात निकाली निघाली नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. तुमची तर दोन वर्षं झाली.

काळा_कोट
मावशींचा मुद्दा बरोबर. दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, पोचेची प्रत जोडा. मसुदा मी करून देतो, फी नको. आमच्यातला नाही आला तर आमच्यातल्याच कोणीतरी यायला हवं.

कऱ्हाडकर
पाठवा साहेब. सोमवारी विलंबमाफीवर तारीख आहे, ती झाली की लिहितो.