मदत हवी आहे: काजूचे एका घासाचे मॅकरून पावसात चिवट होतात

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याचे. पुढच्या रविवारी नणंदेकडची पंधरा माणसं जेवायला आहेत. बेत ठरलेला: कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, सोलकढी. एवढं हादडल्यावर वाटीभर खीर कोण खाणार? म्हणून तोंडात टाकता येईल असं काहीतरी काजूचं, ओव्हनमधलं करायचं मनात आहे.

तामिळनाडूतल्या थुथुकुडीचे मॅकरून तुम्हाला माहीत असतील. अंड्याचा पांढरा भाग, साखर आणि काजू, मैद्याचं नावही नाही. काजू तर आमच्या परसातलाच, वेंगुर्ला-४ या जातीची दोन झाडं आहेत. म्हटलं, हेच करावं.

परवा चाचणी घेतली. २ अंड्यांचा पांढरा भाग, १२० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम काजूची भरड. ओटीजीत १२० अंशांवर ५० मिनिटं. बाहेर काढले तेव्हा वरून छान कुरकुरीत, पण तासाभरात चिकट! आत तर च्युइंगमच. सासूबाई म्हणाल्या, "कवळी निघाली गो माझी."

एक चूक कळली. काजू मिक्सरमध्ये जास्त फिरला, तेल सुटलं आणि अंड्याचा फेटलेला फेस बसला. आता किसणीवर किसेन. पण या हवेतल्या दमटपणाचं काय करू? आच कमी करून जास्त वेळ ठेवू, की ओव्हन बंद करून आतच गार होऊ देऊ? आदल्या दिवशी करून डब्यात टिकतील का?

नानकटाई करा असं कृपया सांगू नका, वड्यांवर ती जड होते. आणि हो, दोघं अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी काय करता येईल?